स्टेशनाचा जीर्णोद्धार



देरासराचा जीर्णोद्धार आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पावती फाडलेली असते, पूजनाला गेलेलो असतो, जुना कळस उतरवताना डोळे भरून आलेले असतात. आज मात्र मी एका रेल्वे स्टेशनाच्या जीर्णोद्धाराबद्दल लिहिणार आहे. स्टेशन भायखळ्याचं.

त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे कार्तिकी पौर्णिमा जवळ आली. ज्यांना पालीताण्याला जाणं होत नाही अशा आपल्यातल्या कितीतरी जणी त्या दिवशी भायखळ्याला आदेश्वरदादांच्या दर्शनाला जातील, आणि पुष्कळशा लोकलनेच जातील. दुसरं कारण आमच्या घरातलं आहे. अष्टमीचं आमचं जुनं घर पाडायचं की दुरुस्त करायचं, यावर वर्षभर बोलणी चालू आहेत. त्या बोलण्यांत मला सगळ्यात जास्त मदत या स्टेशनाने केली. कशी, ते सांगते.

नवीन वाचणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. अष्टमी हे आमच्या गावाचं नाव. रोह्याला लागूनच, कुंडलिका नदीच्या काठी. नगरपालिकेचं नावसुद्धा रोहा अष्टमी असंच जोडीने आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या बायका हसून म्हणाल्या होत्या, "हिच्या घरी आता रोजच अष्टमी, म्हणजे हिरवी भाजी कायमची बंद!"

माहेर माझं भायखळ्याचं. देरासरापासून जवळच एका चाळीत दोन खोल्या. कॉलेज माटुंग्याला, तिथेच मी बी. कॉम. झाले. त्यामुळे तीन-चार वर्षं रोज भायखळा स्टेशन. पास काढायचा, पळत जाऊन गाडी पकडायची, दादर गेलं की उतरायच्या तयारीला लागायचं. तेव्हा त्या इमारतीकडे मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही. पाहतं कोण? घड्याळाकडे पाहायचं की कमानीकडे!

आता तिचं वय सांगते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. ३४ किलोमीटरचा तो रस्ता भायखळ्यावरूनच जातो. सुरुवातीला इथे लाकडी स्टेशन होतं. आज आपण पाहतो ती दगडी इमारत १८५७ पर्यंत उभी राहिली. म्हणजे जग जिला पाहायला येतं ती सीएसएमटीची इमारत १८८८ साली पूर्ण झाली, तिच्याहून हे साधंसं स्टेशन तीस वर्षांनी मोठं. देशातल्या सर्वांत जुन्या, अजून वापरात असलेल्या स्टेशन-इमारतींमध्ये त्याची गणना होते.

आपलं देरासर त्याच्याहूनही आधीचं. शेठ मोतीशांनी ते १८२८ साली बांधलं, शत्रुंजयाची भावना मनात धरून. म्हणून तर चैत्री आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. रेल्वे आली तेव्हा देरासराला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. आणखी एक धागा मला फार आवडतो. १८३४ साली मुंबईची पांजरापोळ उभी राहिली ती मोतीशा शेठ आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने. मोतीशा शेठ १८३६ साली गेले. पुढे १८४५ साली मुंबईत रेल्वे यावी म्हणून मंडळ स्थापन झालं, त्यात नाना शंकरशेट यांच्याबरोबर हेच जमशेटजी होते. म्हणजे मुक्या जनावरांसाठी जागा शोधणारा माणूस रेल्वेच्याही खटपटीत होता.

बापूजी मशीद बंदरला दाणाबाजारात मुनीम होते. त्यांचा चौविहार. थंडीत मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पेढी काही सूर्याकडे पाहून बंद होत नाही. पेढीवरून सुटून मशीदला गाडी पकडली की दुसरं स्थानक घराचं, पण घरी पोचून हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत वेळ टळायची. म्हणून थंडीचे दोन-अडीच महिने आई मला डबा घेऊन भायखळा स्टेशनवर पाठवायची. दोन खाखरे, मुगाची कोरडी डाळ, आणि उकाळलेल्या पाण्याची पितळी फिरकीची बाटली. बापूजी उतरायचे, बाकावर बसायचे, रुमाल पसरून दहा मिनिटांत जेवण उरकायचे, पाणी प्यायचे आणि तिथेच हात जोडून पच्चक्खाण घ्यायचे. समोरून गिरणीवाल्यांची, ऑफिसवाल्यांची गर्दी वाहत असायची. कोणी थांबून बघायचं नाही, कोणी हसायचंही नाही. बाकाच्या मागे लोखंडी खांब, वर उतरतं छप्पर. त्या छपराने त्यांचं व्रत किती वर्षं सांभाळलं, याचा विचार मी आत्ता साठी उलटल्यावर करते आहे.

१९८२ साली लग्न होऊन मी अष्टमीला आले तेव्हा रोह्याला रेल्वेच नव्हती. माहेरी जायचं म्हणजे एस.टी., वाटेत नागोठणे, वडखळ, पेण, आणि मांडीवर मूल. रोह्यापर्यंत रूळ आले ते १९८६ साली. पुढे इथूनच कोकण रेल्वे सुरू झाली आणि १९९८ मध्ये तो मार्ग पूर्ण झाला. आता दिव्याला जाणारी गाडी धरायची आणि तिथून लोकल. प्रवास सोपा झाला. मात्र तोपर्यंत आई-बापूजी दोघंही राहिले नाहीत आणि चाळीतल्या खोल्याही गेल्या. माहेरची एकच वास्तू माझ्यासाठी उरली आणि ती रेल्वेची आहे.

आता जीर्णोद्धाराकडे येते. २०१९ साली भायखळा स्टेशनाचं काम सुरू झालं. आय लव्ह मुंबई ही संस्था, बजाज समूहाचे ट्रस्ट, आणि संवर्धनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी रेल्वेबरोबर मिळून ते केलं. मध्येच २०२० चं टाळेबंदीचं वर्ष आलं. २९ एप्रिल २०२२ ला काम पूर्ण होऊन स्टेशन पुन्हा लोकांच्या स्वाधीन झालं. त्याच वर्षी युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागासाठी दिलेल्या वारसा-संवर्धनाच्या पुरस्कारांत भायखळ्याला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही त्याच यादीत सर्वोच्च पुरस्कार होता. वस्तुसंग्रहालयाला तिकीट काढून जावं लागतं, वेळ संपली की दार बंद होतं. हे स्टेशन मात्र दुरुस्तीच्या काळातही चालू राहिलं. लोकल येत होत्या, तिकिटं विकली जात होती, माणसं चढत-उतरत होती. अंगावर घातलेला सदरा न काढता ठिगळ लावण्यासारखं हे काम!

अशा दुरुस्तीचे काही नियम असतात, ते मी समजून घेतले. जुन्या दगडी भिंतीला तैलरंग फासला की ओल आत कोंडते आणि दगड आतून सुटायला लागतो. म्हणून रंगाचे थर हलक्या हाताने काढावे लागतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चालत नाही, कारण चुना श्वास घेतो आणि सिमेंट घेऊ देत नाही. पावसाचं पाणी तोंडाने आत जातं आणि पायातून बाहेर येतं, म्हणून आधी छप्पर, मग भिंत, शोभेचं काम शेवटी. आणि जे अजून चांगलं आहे त्याला हात लावायचा नाही. कुजलेला तुकडा तेवढा बदलायचा.

हे वाचताना मला आपल्या व्याख्यानात ऐकलेलं आठवलं. नवं देरासर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य आठपट, असं महाराजसाहेब सांगतात. शत्रुंजयाचे आपण सोळा उद्धार मोजतो, सोळावा कर्माशाहांचा, १५३१ सालचा. लहानपणी मला प्रश्न पडायचा की नवं बांधणाऱ्याचा खर्च जास्त, मेहनत जास्त, मग पुण्य कमी कसं? या वेळी मला माझ्यापुरतं उत्तर सापडलं. नवं बांधायचं म्हणजे आरंभ-समारंभ आला. जमीन खणायची, डोंगर फोडायचा, वाळू उपसायची, पाणी ओतायचं. प्रत्येक पावलाला जीवहिंसा आहे. जुनं वेळेवर सांभाळलं तर त्यातली बरीचशी टळते. शिवाय ज्याने आधी बांधलं त्याच्या हातून झालेली हिंसा तरी वाया जात नाही.

कोणी म्हणेल, स्टेशनाचा आणि पुण्याचा काय संबंध, आपले साधू-साध्वीजी तर गाडीत पायही ठेवत नाहीत. खरं आहे. स्टेशनाला मी देरासराच्या जागी बसवत नाही. मी फक्त सांभाळण्याच्या रीतीबद्दल बोलते आहे, आणि ती रीत घरालाही लागू पडते.

आमचं घर तुमच्यापैकी काही जणींनी पाहिलं आहे. दगडी जोतं, सागवानी खांब, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. वर माळा. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. दोन वर्षांपूर्वी पडवीच्या वाशांना वाळवी लागली आणि तिथून सगळं सुरू झालं. एका ठेकेदाराने सांगितलं, विषारी औषध मारा नाहीतर घर पाडा. मोठे दीर म्हणाले, "पाडून टाकू. स्लॅबची इमारत होईल, तिघा भावांना तीन मजले." आमच्या सूनबाईंचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. "मम्मी, रात्री बाथरूमला जायला अंगण ओलांडावं लागतं. पावसाळ्यात तुमचा पाय घसरला तर?" माझे गुडघे मला हेच रोज सांगतात.

वाळवीचा प्रश्न आपल्यासाठी अवघड. मारायची नाही हे तर पक्कं. पण तिला घर सोडून द्यायचं का? सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, जीव पडल्यावर कसली जयणा, जयणा आधी करायची असते. त्या दरवर्षी अक्षय तृतीया झाली की शाकारणीला माणूस बोलवायच्या. एकेक कौल उतरवून पुसायचं, फुटकं बदलायचं, वाशांवरून कोरडं फडकं फिरवायचं. चातुर्मासाआधी माळ्यावरची अडगळ उन्हात यायची. ओल नाही तर वाळवी नाही, वाळवी नाही तर पाप करायची वेळच नाही, असा त्यांचा साधा हिशोब. त्या गेल्यावर घरात माणसं कमी झाली, मुलं पुण्या-मुंबईला गेली आणि शाकारणी एक-एक वर्ष पुढे ढकलली गेली.

हिशोबाचं निघालं म्हणून सांगते. आम्हाला कॉलेजात घसारा शिकवला होता. इमारत दरवर्षी थोडी झिजते असं धरून वहीत तिची किंमत कमी करत जायची. आयकराच्या नियमात राहत्या घराखेरीज इतर इमारतींना १० टक्के दर, तोही उरलेल्या शिल्लकेवर. या दराने शंभर रुपयांची इमारत बावीस वर्षांनी वहीत दहा रुपयांचीही राहत नाही. एका दुपारी मी गंमत म्हणून भायखळ्याला हाच दर लावून पाहिला. १८५७ ते २०२२ अशी १६५ वर्षं. एक लाखाची इमारत असती तर वहीत आज एक पैसासुद्धा उरत नाही. आणि त्या एक पैशाहून कमी किमतीच्या छपराखाली रोज हजारो माणसं उभी राहतात!

माझ्या प्राध्यापकांनी दुसरीही गोष्ट शिकवली होती. डागडुजी हा महसुली खर्च, म्हणजे दरवर्षीचा, घरातल्या तेल-मिठासारखा. नवं बांधकाम हा भांडवली खर्च. महसुली खर्च वर्षानुवर्षं टाळला की एक दिवस तो भांडवली होऊन दारात उभा राहतो. आमच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

मी दोन्हींचे अंदाज मागवले. एक पाडून बांधण्याचा आणि एक दुरुस्तीचा. आकडे इथे लिहीत नाही, प्रत्येक गावचा भाव वेगळा. एवढंच सांगते की दुरुस्तीचा आकडा आमच्याकडे असलेल्या पैशांत बसत होता आणि दुसऱ्यासाठी कर्ज तरी काढावं लागलं असतं किंवा जमिनीचा हिस्सा बिल्डरला द्यावा लागला असता. दोन्ही कागद मी दिवाळीत सगळ्यांसमोर ठेवले. बरोबर भायखळ्याचे फोटोही ठेवले.

मोठे दीर म्हणाले, "वहिनी, ते सरकारी. त्यांना देणगीदार मिळतात." मी म्हटलं, "भाऊ, देणगीदार आपणच. आणि बघा, तिथे जिना आहे, विजेचे दिवे आहेत, गाडीची वेळ सांगणारे फलक आहेत. १८५७ साली यातलं काय होतं? लोकांना लागेल तसं स्टेशन बदलत गेलं, म्हणून लोकांनी ते टाकलं नाही." तिकीट न विकणारं स्टेशन कितीही सुंदर असलं तरी ते स्टेशन नव्हे. तसंच जिथे म्हातारीला रात्री उठायची भीती वाटते आणि सुनेला राहावंसं वाटत नाही, ते घर जुनं म्हणून मी मिरवणार नाही. सूनबाईंचं म्हणणं यादीत पहिलं घेतलं. पडवीचा कुजलेला भाग उतरवून तिथे घराला लागून बाथरूम, बसायचा कमोड, भिंतीला धरायला दांडा. मग कौलं आणि वासे. मग चुन्याचा गिलावा. माळ्याचा जिना सगळ्यात शेवटी.

वाळवीचं काय केलं, ते पुष्कळ जणी विचारतील. सुताराने लागलेले वासे अलगद उतरवून आवाराच्या टोकाला, झाडाखाली सावलीत ठेवले. जाळले नाहीत. तिथे त्यांचं जीवन ते जगतील. जोत्याभोवतीची माती उकरून पाणी वाहून जायला उतार काढला, नवे वासे दगडावर टेकवले, मातीला लाकूड लागू दिलं नाही. वर्ष होत आलं, अजून तरी वाळवी परत आलेली नाही. पुढच्या पावसानंतर पुन्हा कळवीन.

बाथरूम झालं, कौलं झाली. गिलाव्याला मोठ्या दिरांची संमती अजून व्हायची आहे. तिसऱ्या मजल्याची त्यांची आशा सुटलेली नाही आणि त्यांच्या मुलांचाही विचार त्यांना करायचा आहे. त्यांच्यावर मी रागावलेली नाही. जाऊबाई मात्र मला हळूच म्हणाल्या, नवं बाथरूम पाहिल्यापासून हे थोडे नरमलेत.

तर मैत्रिणींनो, कार्तिकी पौर्णिमेला भायखळ्याला उतराल तेव्हा लगेच घाईने बाहेर पडू नका. पाच मिनिटं बाजूला उभ्या राहा. कमानी पाहा, लोखंडी खांब पाहा, छपराचं लाकूड पाहा. बरोबर नातवंडं असतील तर त्यांना सांगा की या रस्त्याने देशातली पहिली प्रवासी गाडी गेली. भात्याचा कागद, फळाची साल पिशवीतच ठेवा. कोट्यवधी खर्चून काढलेले डाग परत पडायला आपल्यापैकी एकीचा हात पुरतो.

आणि परतीला उशीर होणार असेल तर चौविहार करणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गाडी चुकली तरी हरकत नाही, तिथले बाक आहेत. माझ्या बापूजींचा अनुभव आहे, दहा मिनिटं पुरतात.

जय जिनेंद्र.